कान्हेरीच्या कातळावरचे धडे

वर्सोव्याच्या चौपाटीवर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सारखंच असतं, जवळपास २१ टक्के. फरक असतो तो दाबाचा. ८,८४८.८६ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश उरतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच हिशेबाने घटतो. या विरळ हवेची सवय मुंबईत कुणीच लावू शकत नाही. तरीही इथल्या अनेक मुलामुलींच्या हिमालयाची सुरुवात उपनगरातच झाली आहे. वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने बोरिवली आणि पुढे राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीचे कातळ.

या परंपरेतलं मोठं नाव म्हणजे ‘गिरिविहार’. मुंबईची ही गिर्यारोहण संस्था १९५४ सालची. एव्हरेस्टवर पहिलं पाऊल पडल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटही त्याच वर्षी उभी राहिली. तिथे सरकारचं पाठबळ होतं. इथे नोकरी-धंदा सांभाळून रविवारी दोर खांद्यावर टाकणारी माणसं होती. कान्हेरी आणि मुंब्र्याचे कातळ हेच त्यांचे वर्ग.

पहिला धडा चढण्याचा नसतो, गाठीचा असतो. हार्नेसमधून दोर ओवायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्याची दुहेरी गाठ मारायची. दोन्ही पदर शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. टोकाला वीतभर दोर शिल्लक हवा. ती गाठ जोडीदाराने बोट फिरवून तपासायची. मग बकल, मग कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा स्क्रू. ‘बिले ऑन?’ या प्रश्नाला खालून होकार आल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. दोन हात, दोन पाय या चारांपैकी तीन नेहमी कातळावर टेकलेले हवेत. हलायचं ते एकानेच. खाली उभा असलेला बिलेअर नजर वर ठेवतो आणि दोर रोखणारा हात एक क्षणही सोडत नाही. उत्साही विद्यार्थ्याला हे सगळं सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. प्रशिक्षक मात्र हीच तपासणी पुन्हा पुन्हा करून घेतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

कारण आठ हजार मीटरवर हेच हात कामाला येतात. मोठ्या शिखरांवर आरोहक आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर जुमार, म्हणजे वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, सरकवत चढतो. प्रत्येक मेखेपाशी दोर बदलावा लागतो: आधी सुरक्षेचा कॅराबिनर मेखेच्या पलीकडच्या दोरात अडकवायचा, मगच जुमार काढून पुढे लावायचा. क्रम उलटा झाला, तर तेवढ्या वेळात माणूस कशालाही बांधलेला नसतो. जाड हातमोजे, रात्रीची वेळ आणि विरळ हवेने मंदावलेली बुद्धी अशा अवस्थेत क्रम आठवत बसायला सवड नसते. तो आधीच हातात मुरलेला असावा लागतो.

बर्फ, हिमभेगा आणि उंचीशी जुळवून घेणं शिकायला मात्र मुंबई सोडावीच लागते. दार्जिलिंग, मनाली किंवा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स असतो. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली, तरच ॲडव्हान्स कोर्सचं दार उघडतं.

१९८८ साली गिरिविहारने वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली थेट ८,५८६ मीटरच्या कांचनजंगावर मोहीम नेली. शिखर हाती आलं नाही आणि संजय बोरोले हा आरोहक परतला नाही. नागरी संस्थेसाठी हा घाव खोल होता. संस्थेचं काम मात्र थांबलं नाही. दहा वर्षांनी, १९९८ च्या मे महिन्यात मुंबईच्या हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले; पहिले मराठी एव्हरेस्टवीर म्हणून ते ओळखले जातात. गिरिविहारने कातळावरच्या स्पर्धांची वाटही धरली. २०१६ मध्ये बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याच्या, विश्वचषक मालिकेतली फेरी वाशीत झाली, ती याच संस्थेच्या धडपडीतून.

हे शिक्षण शहरी मुलांपुरतंच मर्यादित राहण्याचं कारण नाही, याचा दाखला चंद्रपूरने दिला. आदिवासी विद्यार्थ्यांना एव्हरेस्टवर नेण्याच्या ‘मिशन शौर्य’ या सरकारी उपक्रमात निवडलेल्या तिथल्या आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असे टप्पे झाले आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांच्यामागे सरकारी निधी होता, प्रशिक्षक होते, पूर्ण वेळ सराव होता. मुंबईत महापालिकेच्या शाळेतल्या किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मुलीला मात्र हार्नेस, दोर, बूट आणि कोर्सची फी यांचा खर्च आजही जड जातो. हौशी संस्थांकडे शिकवणारे हात आहेत. शाळा-महाविद्यालयांनी साहित्याचा भार उचलला, तर रविवारच्या त्या वर्गात अशा मुलीही दिसतील.