भाडेकरूचा खेळ

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो ते सॉकर अमेरिकेत का रुजत नव्हते, याचे उत्तर मी अनेक वर्षे खेळाडूंमध्ये शोधत होतो. १९७५मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आले. १९७७मध्ये एका सामन्याला ७७ हजारांवर प्रेक्षक लोटले. तरी १९८४च्या हंगामानंतर ती लीग बंद पडली.

१९९६मध्ये ‘मेजर लीग सॉकर’ सुरू झाली. कोलंबसचा संघ अमेरिकन फुटबॉलच्या, सुमारे ९० हजार आसनांच्या विद्यापीठीय स्टेडियममध्ये खेळे. तिथे पंधरा-वीस हजार प्रेक्षकही विरळ दिसत. १९९९मध्ये लामार हंट यांनी त्या संघासाठी बावीसेक हजारांचे खास स्टेडियम बांधले. हंट स्वतः अमेरिकन फुटबॉलमधले बडे संघमालक! पुढे इतर संघांनीही तीच वाट धरली. पाहुण्या ताऱ्यांनी गर्दी जमवली. पाय रोवायला मात्र हक्काची जागा लागली.