सावलीतील चित्रपर्ण

होस्टा ही जपान, कोरिया, चीनकडील वनस्पती. हिवाळ्यात कडक थंडीतील विश्रांती तिला हवीच. ती सुरतेत कोठून मिळणार? म्हणून परसातील आंब्याखाली मी दक्षिण अमेरिकेतील कॅलेडियमचे कंद लावले. शुभ्र पाने, हिरव्या शिरा! पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे वाढ संथ. दुपारच्या उन्हाने पान तेथेच करपते. हिवाळ्यात पाने झडली की पाणी तोडावे. कंद जिवंत असतो.

चूक माझीच झाली. शेजारीच वडीचे अळू होते. नातवाने कॅलेडियमचे पान चावले, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी जीभ सुजली, आणि ती रात्र आम्ही जागून काढली. आता मध्ये विटांची रांग आहे. अळू मात्र सौभाग्यवती स्वतःच खुडतात.