साडेदहा मीटरचा प्रश्न

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचे पहिले प्रसारण झाले, ते ४२.३४ मीटरवर. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालेपर्यंत हे केंद्र जागा बदलत बदलत चालू राहिले. या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. पण त्यातल्या ४२.३४ या आकड्याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. प्रकाशाच्या वेगाला या लांबीने भागले की वारंवारता येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. भारतातल्या हौशी रेडिओचालकांना, म्हणजे ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात त्यांना, आज ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी प्रक्षेपणावर बंदी घातली होती आणि यंत्रे जमा करण्याचे हुकूम निघाले होते. तरीही नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या जाणकाराच्या हातून जे यंत्र उभे राहिले, ते हॅमच्या ओळखीच्या गल्लीतच बोलत होते.

वसई-विरारच्या एखाद्या सोसायटीतल्या हॅमपुढचा प्रश्न याच आकड्यातून सुरू होतो. ४२ मीटरच्या लाटेसाठी सर्वांत साधा उभा अँटेना तिच्या पाव लांबीचा, म्हणजे साधारण साडेदहा मीटर उंच लागतो. (परिभाषाकोशात अँटेनाला 'आकाशक' असा देखणा शब्द आहे, वापरात मात्र तो आला नाही, आणि गच्चीवर चढणाऱ्या माणसाला अँटेनाच म्हणावेसे वाटते.) साडेदहा मीटर म्हणजे साडेतीन मजले. सात मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पापड वाळत घातलेल्या जागेत साडेतीन मजली काठी उभी करायची म्हटले की सर्वसाधारण सभेत काय होईल ते सांगायला नको. म्हणून बाजारात आणि हौशी मंडळींच्या वह्यांत 'आटोपशीर' अँटेना असतात: पाच ते आठ मीटर उंचीचे, आणि एकाच काठीत चार-पाच पट्टे सांभाळणारे. त्यांतला कोणता घ्यावा?

आधी उभा अँटेना म्हणजे काय ते पाहू. मालाडच्या मालवणी भागातले आकाशवाणीचे मनोरे अनेकांनी पाहिले असतील. लोकांना वाटते, अँटेना त्या मनोऱ्यावर कुठेतरी बसवलेला असेल. मध्यमलहरींत सहसा तो अख्खा मनोराच अँटेना असतो. अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झची तरंगलांबी भरते ५३७ मीटर; तिचा पाव हिस्सा १३४ मीटर. आणि असा मनोरा हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा जमिनीत असतो: मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या तांब्याच्या तारा. मार्कोनीने १८९५ साली उंच टांगलेली तार आणि जमिनीत पुरलेला पत्रा यांची जोडी जमवली, तेव्हापासून हे असेच आहे. आऱ्या किती हव्यात याचा कस लावणारे प्रयोग ब्राउन, लुइस आणि एप्स्टाइन या तिघांनी अमेरिकेत करून १९३७ साली प्रसिद्ध केले, आणि १२० आऱ्यांचा रिवाज त्यातून रूढ झाला. हॅमला १२० नकोत. पण शून्यही चालत नाहीत, आणि आटोपशीर अँटेनाची सारी मेख इथे आहे.

थोडी आकडेमोड करू. ती सोपी आहे. अँटेनात गेलेली वीज तीन ठिकाणी खर्च होते. एक भाग लहरी होऊन आकाशात जातो, दुसरा जमिनीत उष्णता होऊन मुरतो, तिसरा अँटेनातल्या वेटोळ्यांत. प्रत्येक खर्चाला ओहमचा एक आकडा देता येतो. पूर्ण पाव लांबीच्या काठीचा 'आकाशात जाणारा' आकडा, म्हणजे प्रारण रोध, सुमारे ३६ ओहम. गच्चीवर चारदोन आऱ्या कशाबशा पसरल्या असतील तर जमिनीचा आकडा १५ धरू. मग ३६ भागिले ५१, म्हणजे शंभर वॅटमधले सत्तर वॅट कामाला आले.

आता काठी निम्मी करा, सव्वापाच मीटर. लाट तीच, काठी तोकडी. उणीव भरून काढायला खाली वेटोळे घालावे लागते. प्रारण रोध उंचीपेक्षा कितीतरी वेगाने उतरतो आणि सहा ओहमवर येतो. जमीन तीच १५, वेटोळ्याचे दोन. सहा भागिले तेवीस: सव्वीस वॅट. आणि कोणी अडीच मीटरची काठी घेतली, गॅलरीच्या कठड्याला बांधता येईल अशी, तर प्रारण रोध राहतो जेमतेम दीड ओहम, वेटोळे मोठे झाल्याने त्याचे चार. शंभरातले सात वॅट आकाशात. बाकीचे गच्ची तापवतात.

हे वाचून निराश होऊ नये. सत्तर आणि सात यांत दहा डेसिबलचा फरक आहे, आणि समोरच्याच्या यंत्रावरच्या मापात तो दोन अंशांहूनही कमी दिसतो. मोर्सने किंवा संगणकाच्या मदतीने चालणाऱ्या डिजिटल पद्धतींनी सात वॅटवर खंड ओलांडणारी माणसे आहेत. पण आवाजाने गप्पा मारायच्या असतील तर हा फरक जाणवतो. यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट व्हावी: आटोपशीर अँटेना घेताना पैसे काठीवर कमी आणि जमिनीवर जास्त खर्चावेत. सव्वापाच मीटरच्याच काठीखाली आणखी आऱ्या टाकून जमिनीचे १५ ओहम ५ वर आणले, तर सव्वीसचे सेहेचाळीस वॅट होतात. नवा अँटेना न घेता, केवळ तारेच्या एका वेटोळ्याच्या किमतीत.

बाजारातले प्रकार आता ओळखता येतात. पहिला 'ट्रॅप'वाला. काठीत जागोजाग वेटोळे आणि संधारित्र यांच्या जोड्या बसवलेल्या असतात. प्रत्येक जोडी एका पट्ट्याला दार लावते आणि बाकीच्यांना वाट देते. हसलर कंपनीचा ४-बीटीव्ही हा या घराण्यातला जुना आणि मजबूत नमुना: साडेसहा मीटर उंच, १०, १५, २० आणि ४० मीटरच्या पट्ट्यांसाठी. तो आऱ्या मागतो, आणि त्या दिल्या तर इमानाने काम करतो. दुसरा प्रकार 'आऱ्या नकोत' म्हणणारा, कुशक्राफ्टच्या आर-मालिकेसारखा. त्यात काठी अर्ध्या लाटेसारखी वागवतात, त्यामुळे पायथ्याशी प्रवाह कमी आणि जमिनीची गरजही कमी. गच्चीसाठी हे आकर्षक आहे. पण आर-८ ची उंची साडेआठ मीटरच्या वर जाते, तळाशी छोट्या काड्यांचा पसारा असतो, आणि पायथ्यातला ट्रान्सफॉर्मर हा नाजूक अवयव ठरतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल सावध केले पाहिजे. 'साडेतीनपासून पन्नास मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही चालतो, जुळवाजुळव नको' अशी जाहिरात असते. खरेदी करणारा मीटर लावून पाहतो. सगळीकडे जुळणी उत्तम. पण पन्नास ओहमचा साधा रोधक तारेच्या टोकाला जोडला तरी मीटर हेच सांगतो, आणि रोधकातून आकाशात काहीच जात नाही. जुळणी चांगली असणे म्हणजे अँटेना चांगला असणे नव्हे. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर निम्मी फसवणूक टळते.

चौथा प्रकार दुकानात मिळत नाही. दहा मीटरची, दुमडून दीड मीटरची होणारी फायबरग्लासची काठी, तिला वरपर्यंत गुंडाळलेली साधी तार, पायथ्याशी जुळणीपेटी आणि गच्चीभर पसरलेल्या आऱ्या. हवे तेव्हा उभारावी, काम झाले की खाली घ्यावी. लॅमिंग्टन रोडवर दोन फेऱ्या मारल्या की बाकीचे सामान जमते. ज्याची सोसायटी कायमच्या काठीला राजी नाही आणि ज्याला खिशाचाही विचार करायचा आहे, त्याने माझ्या मते इथून सुरुवात करावी.

वसई-विरारमध्ये एक गोष्ट मात्र अशी आहे की जिचा पुण्या-नाशिकच्या हॅमला हेवा वाटावा: मीठ. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला सुमारे ५ सीमेन्स, साधारण मातीची ०.००५. हजारपट फरक. उभ्या अँटेनाची लहर जमिनीला घासून, कमी कोनाने निघते, आणि काही अंतरावरच्या जमिनीवरून परावर्तित होऊन बळकट होते. कोरडी किंवा खडकाळ जमीन कमी कोनाची लहर पिऊन टाकते. खारे पाणी ती आरशासारखी परत देते. वीस मीटर उंचीच्या गच्चीवरून पाच अंशांच्या कोनात निघालेल्या लहरीचा परावर्तनबिंदू येतो सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर. म्हणजे नायगावची मिठागरे, वसईची खाडी, किंवा रानगाव, भुईगाव, राजोडी, अर्नाळ्याचा किनारा त्या अंतरात असेल, तर इमारत कुठली आणि काठी किती उंच याइतकेच महत्त्व त्या पाण्याला येते.

पाच अंशांनी निघालेली लहर आयनांबरावर आपटून जवळजवळ तीन हजार किलोमीटरवर उतरते; तीस अंशांनी निघालेली हजारच्या आत. लंडन इथून सात हजार किलोमीटरच्या आसपास. तिथे तीन उड्यांत पोचायचे की आठ, हा प्रश्न आहे, आणि प्रत्येक उडीला काही ना काही गमवावे लागते. पश्चिमेला उघडा समुद्र असलेल्या वसईकराला आखात, आफ्रिका, युरोप यांच्यासाठी उभा अँटेना म्हणूनच फळतो.

पण या कमी कोनाची दुसरी बाजू आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. उभा अँटेना थेट डोक्यावर काहीच पाठवत नाही. आता जुलै २०१८ आठवा: नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वीज गेलेली. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत गेले तेव्हा पुन्हा अंधार. मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांच्या सोबती. अशा वेळी हॅमला लंडन नको असते. पुणे, नाशिक, कोल्हापूर हवे असते. दीडशे-चारशे किलोमीटरवर बोलायचे तर लहर जवळजवळ सरळ वर फेकून पावसासारखी खाली पाडावी लागते. ते काम करते वीस मीटर लांबीची आडवी तार, घराच्या जमिनीपासून पाच-सहा मीटरवर, दोन माडांच्या किंवा दोन बांबूंच्या मध्ये टांगलेली. वाड्यांमधल्या बैठ्या घरांना हे सहज जमते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हॅमनी संपर्क सांभाळला. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा चमू अंदमानात दुर्मीळ संपर्कांच्या मोहिमेवर गेलेला असतानाच त्सुनामी आली आणि मोहिमेचे रूपांतर मदतकेंद्रात झाले. आपत्तीच्या नावाने परवाना घेणाऱ्याने आपला अँटेना नेमका कुणाशी बोलतो हे आधी तपासावे. गावातल्या गावात, विरार ते वसई, तर १४५ मेगाहर्ट्झचा हातातला संच आणि अर्ध्या मीटरची काठी पुरते.

उभ्या अँटेनाला आणखी एक खोड आहे: तो शेजाऱ्यांचा विजेचा गोंगाट आडव्या तारेपेक्षा जास्त ऐकतो. इन्व्हर्टर, लिफ्ट, स्वस्त चार्जर, आणि दिवाळीत तर रोषणाईच्या माळा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ७ मेगाहर्ट्झवर खरखरीखेरीज काही ऐकू आले नाही तर यंत्राला दोष देऊ नये. केबल जिथून अँटेनाला जुळते तिथे फेराइटच्या कड्यांतून तिचे काही फेरे घेतले तर बराच गोंगाट बाहेर राहतो.

पट्टे किती हवेत? सूर्यावरील डागांचे सध्याचे चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होते. त्यामुळे आत्ता १० आणि १५ मीटरचे पट्टे जिवंत आहेत. तिथे पाव लांबीची काठी अडीच ते साडेतीन मीटरच, म्हणजे तोकडेपणाचा दंड नाही. पुढच्या काही वर्षांत हे पट्टे मंदावतील आणि भार २० व ४० मीटरवर येईल. म्हणून २० मीटरवर पूर्ण लांबीचा (सव्वापाच मीटर) आणि ४० वर थोडा तोकडा असा सहा-सात मीटरचा अँटेना ही गच्चीसाठी समंजस तडजोड वाटते. ८० मीटर त्याच काठीत मागू नये. मिळते ते नावापुरते.

परवाना दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो. वयाची अट बारा वर्षे. गच्ची सर्वांची असते, तिची परवानगी वेगळी आणि पुष्कळदा अधिक कठीण. सभेत जाताना आराखडा, ताणदोऱ्यांच्या जागा आणि वीज पडण्यापासूनची व्यवस्था कागदावर न्यावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात केबल यंत्रापासून काढून ठेवायची, हेही त्यात लिहावे.

जे मीठ लहरीला पंख देते तेच धातू खाते. ॲल्युमिनियम आणि तांबे जिथे एकमेकांना चिकटतात तिथे खारी हवा वर्षभरात पांढरी भुकटी करते, आणि आपण मिळवलेले ओहम परत जातात. नटबोल्ट स्टेनलेसचे, सांध्यांत गंजरोधक मलम, ट्रॅपची पाणी निचरायची भोके खालच्या बाजूला, ताणदोरे उन्हाला टिकणारे. आणि दरवर्षी पाऊस गेला की, आकाशकंदिलासाठी गच्चीवर चढायचेच असते तेव्हा, काठी उतरवून प्रत्येक सांधा उघडून घासावा आणि आऱ्यांचे टोक न् टोक तपासावे.