चाकाचा नट किती आवळावा?
गाडीची ओळख : लेखांक ९

पंक्चरच्या दुकानात एअर गनचा कडकडाट थांबला की चाक नीट बसलं, असं आपण धरून चालतो. पुढचं पंक्चर रात्री घाटात होतं, आणि तोच नट काही केल्या सुटत नाही.

गाडी नटांवर टांगलेली असते हा समज चुकीचा आहे. नट आवळला की त्याच्या आतला स्टड अगदी किंचित ताणला जातो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो आखडू पाहतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. ब्रेकचा, वळणाचा, खड्ड्यांचा मार मुख्यतः या दाबातून येणारं घर्षण सोसतं. ताण कमी पडला तर चाक हबवर सूक्ष्म सरकतं, भोकं झिजतात, स्टड तुटू शकतो. प्रमाणाबाहेर आवळला तर स्टड कायमचा लांबतो, आखडण्याची ताकद गमावतो, आणि मग तोही चाक धरून ठेवत नाही.

म्हणून कंपनी आकडा देते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे ४० किलोचा जोर. ७० किलोचा माणूस त्याच पान्यावर नुसता उभा राहिला तर टॉर्क १७० च्या आसपास जातो, आणि आपल्याकडे तर पान्यावर उड्या मारायची पद्धत आहे!

तेल किंवा ग्रीसचा मोह आवरा. पान्याला दिलेल्या जोरापैकी स्टड ताणायला जेमतेम दहावा हिस्सा लागतो, बाकीचा आट्यांतलं आणि नटाच्या बैठकीवरचं घर्षण खातं. आटे तेलकट झाले की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला स्टडवर भलताच ताण येतो. कंपनीचा आकडा सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. गंज असेल तर तारेच्या ब्रशने काढावा. चाक जिथे हबला टेकतं ती जागाही घासून घ्यावी. कोकणातल्या खाऱ्या हवेत तिथे गंजाचा थर हमखास सापडतो.

सोडताना गाडी जमिनीवरच हवी. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा आणि मगच जॅक लावायचा. जॅकवर चढवलेल्या गाडीवर जोर काढला तर ती घसरू शकते. पाना नटाच्या डाव्या बाजूला आडवा धरून खाली दाबला की अंगाचं वजन कामी येतं.

बसवताना नट आधी हाताने फिरवावेत, निमुळती बाजू चाकाकडे ठेवून. नट उलटा बसवण्याची चूक फार लोक करतात. त्या निमुळत्या बाजूनेच चाक मध्यावर येतं. मग शेजारचा नट न घेता समोरचा घ्यायचा. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढल्यासारखं. आधी थोडं थोडं, मग गाडी खाली उतरवून पूर्ण. एकीकडून ओळीने आवळत गेलं की चाक तिरकं बसतं, आणि ब्रेकची डिस्क वाकडी धरली जाऊन पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं.

पंक्चरवाल्याला गनने नट नुसते टेकवायला सांगा, शेवटचा जोर हाताच्या पान्याने द्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, विशेषतः अलॉय व्हील असतील किंवा रिमला नवा रंग दिला असेल तर. ठरवलेल्या आकड्यापर्यंतच आवळणारा टॉर्क पाना घेतलाच, तर त्याने नट सोडू नका. काम झालं की त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा.