जीन टेस्टच्या आधी घरची वही

हल्ली नातवंडांच्या तोंडी ‘जीन टेस्ट’ हा शब्द येतो. जर्मनीत ही तपासणी कशी होते, ते आपणही समजून घेण्यासारखे आहे.

बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही जनुके आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतात. पेशींतली मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांत जन्मतः दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या 80 पर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 70 टक्के असते. कर्करोग झालेलाच असेल, तर ओलापॅरिबसारखे औषध उपयोगी पडेल का, हे ठरवायला हाच दोष मदत करतो.

म्हणजे तपासणी एकच. आजाऱ्याला ती उपचार सुचवते, निरोगी माणसाला पुढचा धोका सांगते. जर्मनीत 1 फेब्रुवारी 2010 पासून लागू असलेला कायदा हा फरक ओळखतो. निरोगी माणसाची तपासणी खास पात्रतेच्या डॉक्टरनेच करायची, तपासणीआधी आणि निकालानंतर सल्ला द्यायचा. निकाल जाणून न घेण्याचाही हक्क आहे. याच देशात 1933 च्या कायद्याने आनुवंशिक आजारांच्या नावाखाली सुमारे 4 लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली, हे आठवले की या हक्काचे मोल कळते.

‘ज्यूंमध्ये हे दोष जास्त’ असे वाचून घाबरू नका. 40 मध्ये 1 हा आकडा युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा आहे. तो आपल्या बेने इस्राएलांना जसाच्या तसा लागत नाही.

डॉक्टर आधी घराण्यातले आजार विचारतात. वॉर्डात मी “घरात कुणाला कर्करोग?” असे विचारले की पेशंट “नाही” म्हणत. मग आई, मावशी, आत्या, आजी असे एकेक नाते विचारले की नावे निघत. वडिलांची बाजूही तितकीच महत्त्वाची, कारण हा दोष पुरुषांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, कोण कुणाचे, हे आपल्याच पिढीला पाठ आहे. एका वहीत तीन पिढ्या लिहून काढा: नाते, आजार, आजार झाला तेव्हाचे वय. तपासणी करायची की नाही, ते मुलांना ठरवू द्या. वही मात्र आपणच लिहायची.