खडीच्या वाटेचं पाणी

मेरीलँडमधलं कंबरलँड हे गाव म्हणजे दोन सायकलवाटांचा सांधा. इथून पोटोमॅक नदीच्या कडेकडेनं 297 किलोमीटर गेलं की वॉशिंग्टन, आणि उलट्या दिशेला डोंगर ओलांडून सुमारे 240 किलोमीटरवर पिट्सबर्ग. दोन्ही वाटांवर मोटारींना बंदी. पाऊस होऊन गेल्यावर गावात आलेल्या सायकली बघितल्या की कोण कुठून आलं ते विचारावं लागत नाही. वॉशिंग्टनकडून आलेल्याच्या चेनवर, ब्रेकवर, पाठीवरसुद्धा तपकिरी चिखल थापलेला असतो; पिट्सबर्गकडून आलेला गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा पांढुरका झालेला असतो.

वॉशिंग्टनच्या उपनगरांत राहणारे आम्ही काही मराठी सायकलवाले सुट्टी जोडून आली की या वाटांवर येतो. सुरुवातीला सगळं लक्ष झाडीकडं असतं. सरावल्यावर नजर खाली, वाटेकडं जायला लागते. मग कळतं की जंगलातल्या अशा वाटेला खरा धोका पाण्याचा असतो, आणि तिची जवळजवळ सगळी निगराणी म्हणजे पाण्याला दुसरीकडून जायला भाग पाडणं.

नदीकाठची वाट चेसापीक अँड ओहायो कालव्याची आहे. कालव्यातून कोळशाच्या बोटी जायच्या आणि काठावरून चालणारी खेचरं त्या दोरखंडानं ओढायची. खेचरांसाठी केलेली ती मातीची वाट आज सायकलींची झाली आहे. पिट्सबर्गकडची वाट, ग्रेट अ‍ॅलेघनी पॅसेज, ही बंद पडलेल्या लोहमार्गांवरून जाते. रूळ गेले, खालचा भराव राहिला, आणि त्यावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवली गेली. दोन्ही वाटांच्या कडेला ओक, मेपल आणि सिकमोरची दाटी आहे, पाऊसही दोघींना सारखाच. पण एका वाटेत पाणी मुरतं, दुसरीवरून निथळतं.

ही खडी जवळून बघण्यासारखी असते. चिमूट उचलून तळहातावर घेतली की तीत धुळीएवढ्या भुकटीपासून साधारण 10 मिलिमीटरपर्यंतचे सगळे कण दिसतात. एकाच मापाची चाळलेली खडी टाकली असती तर चाक रुतलं असतं. नुसती भुकटी टाकली असती तर ती उन्हाळ्यात उडाली असती आणि पावसात तिचा राडा झाला असता. दोन्ही एकत्र करून, ओलं करून वरून रोलर फिरवला की भुकटी खड्यांमधल्या फटी भरते आणि सगळा थर घट्ट बसतो. पस्तीस-चाळीस मिलिमीटरचा टायर त्यावरून बारीक करकर आवाज करत जातो, रुतत नाही.

वाट सपाट दिसते, पण चांगल्या राखलेल्या तुकड्यात ती सपाट नसते. मी एकदा बाटलीतलं पाणी मधोमध ओतून बघितलं. भुकटीवर ते क्षणभर थबकलं, मग दोन बोटं रुंदीचा ओघळ होऊन डाव्या कडेकडं वळलं आणि गवतात शिरलं. डोळ्याला न जाणवणारा हा आडवा उतार, पलीकडचा चर आणि चरातलं पाणी वाटेखालून पलीकडं काढणारी मोरी, या तीन गोष्टी जागेवर असल्या की वाट टिकते.

मोऱ्यांचं महत्त्व मला पानगळीच्या दिवसांत पटलं. डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या एका तुकड्यावर चार-पाच स्वयंसेवक काम करत होते, बहुतेक निवृत्तीच्या वयाचे. ओकची पानं लवकर कुजत नाहीत. मोरीच्या तोंडाशी एकावर एक चिकटून त्यांचा बोळा बसतो. एक आजोबा चरात उतरून लांब दांड्याच्या दाताळ्यानं तो बोळा ओढत होते. तो सुटला तसं आत तुंबलेलं काळं पाणी भसकन पुढं गेलं. मी म्हटलं, “पानं काढायला एवढी माणसं?” त्यांनी दाताळ्याच्या दांड्यानं वाट दाखवली. “ही तुंबली की पाणी वाटेवरून जातं. एका रात्रीत घळ पाडतं. मग ट्रकभर खडी लागते, आणि ट्रक आणायचा तर वाटेची कड मोडते.”

पुढं त्यांचाच एक साथीदार खड्डा बुजवत होता. खड्ड्यात खडी ओतून पायानं दाबायची, एवढंच मला अपेक्षित होतं. त्यानं आधी पाणी काढलं, मग खड्ड्याच्या सैल कडा कुदळीनं तासून सरळ उभ्या केल्या, तळ खरवडला आणि मगच थोडी थोडी ओलसर खडी घालून प्रत्येक थर धुम्मसानं ठोकला. कडा तिरक्या ठेवल्या तर नवी खडी कडेला पातळ राहते आणि चाकांनी निसटते, त्यामुळं खड्डा पुन्हा तिथंच पडतो. माणूस बसेल एवढ्या खड्ड्याला त्यानं बराच वेळ दिला. शेवटी ठिगळ आजूबाजूपेक्षा बोटभर उंच ठेवलं, पुढं दबून बरोबर होईल या हिशेबानं.

या वाटा चालवायला सोप्या आहेत, त्याचं श्रेय मात्र सायकलसाठी काम केलेल्या कुणालाच देता येत नाही. कंबरलँडहून पिट्सबर्गकडं निघालं की 38 किलोमीटर सलग चढ आहे, पाण्याचे प्रवाह पूर्व-पश्चिम विभागणाऱ्या 729 मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत. पण सरासरी चढ 70 मीटरला 1 मीटर एवढाच. आपल्या बोरघाटात लोहमार्गाचा चढ 37 मीटरला 1 मीटरपर्यंत जातो. वाफेच्या इंजिनाला मालगाडी ओढता यावी म्हणून इथं बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल टाकले, वळणं लांबवली. बिग सॅव्हेज बोगदा जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. त्याच्या भिंतींत झिरपणारं पाणी थंडीत गोठलं तर अस्तर फुटेल, म्हणून हिवाळ्यात दोन्ही तोंडांची दारं बंद करतात आणि वाट तिथं तेवढ्या महिन्यांपुरती तुटते.

कालव्यावर चढ जवळजवळ नाहीच. सगळी उंची 74 लॉकमध्ये वाटून टाकली आहे. लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारे दगडी हौद. प्रत्येकाशी वाट जरा उचलते आणि पुन्हा आडवी होते. पॉ पॉ बोगद्यात मात्र उतरून चालावं लागतं. 1836 ते 1850 इतकी वर्षं चाललेल्या या 950 मीटरच्या कामात साठ लाखांहून जास्त विटा लागल्या. आत दिवे नाहीत. कडेच्या लाकडी कठड्यावर टॉर्च धरला की बोटी ओढणाऱ्या दोरांनी घासून पाडलेल्या खाचा दिसतात.

दोन्ही वाटा फसलेल्या किंवा संपलेल्या उद्योगांच्या आहेत. कालव्याचं काम 4 जुलै 1828 ला सुरू झालं, त्याच दिवशी बाल्टिमोरला लोहमार्गाचंही. लोहमार्ग 1842 मध्ये कंबरलँडला पोचला, कालवा 1850 मध्ये. 1924 च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या. पुढं या रिकाम्या जागेवर मोटारींसाठी रस्ता करायचं ठरत होतं आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं त्याला अग्रलेखातून पाठिंबाही दिला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर आव्हान दिलं: माझ्याबरोबर कालव्याकाठानं चालून बघा. मार्च 1954 मध्ये ते कंबरलँडहून निघाले. सुरुवातीला 58 जण होते, सगळं अंतर पायी पुरं करणारे डग्लस धरून 9. वर्तमानपत्राची भूमिका मवाळ झाली, रस्ता बारगळला आणि 1971 मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

लोहमार्गाच्या वाटेला असं एखादं गाजलेलं वळण नाही; ती तुकड्यातुकड्यानं जोडली गेली. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा 1986 मध्ये खुला झाला, पिट्सबर्गपर्यंतची वाट 2013 मध्ये पुरी झाली. मधल्या सत्तावीस वर्षांत जमीन मिळवणं, पूल दुरुस्त करणं, पैसा उभा करणं चालू होतं. मेयर्सडेल, रॉकवुड, कॉन्फ्ल्युअन्स ही या वाटेवरची गावं. आता तिथल्या खानावळी आणि खोल्या सायकलवाल्यांवर चालतात.

मोटारी नाहीत म्हणजे वाटेवर वजन नाही, असं मात्र नाही. खेचरवाट ओली असताना तिच्यावर चाक घातलं की चाकोरी पडते. ऊन पडलं की ती तशीच कडक होते. पुढच्या पावसाचं पाणी मग कडेच्या गवताकडं वळत नाही, चाकोरीतून वाटेच्या लांबीनं धावतं आणि जिथं अडेल तिथं खड्डा करतं. कठड्यावर दोरांनी जे केलं तेच मातीत एकटा सायकलवाला दुपारभरात करू शकतो. म्हणून आमच्या गटात निघण्याआधी हवामानाचा पुढचा अंदाज नंतर बघतात. मागच्या तीन दिवसांत पाऊस किती झाला ते आधी. जास्त झाला असेल तर सायकली गाडीवर बांधायच्या, कंबरलँड गाठायचं आणि चढाला लागायचं. खेचरवाट वाळली की तिच्याकडं वळायचं.