स्वच्छ विहिरींचा ताप

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुंबईतली आरोग्यतपासणी बरीचशी नाकाच्या भरवशावर चाले. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीस आला तेव्हा घाणीची वाफच रोग पसरवते, असा भल्याभल्यांचा समज होता. गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिकनं धुऊन काढली गेली. उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा यांच्याकडे नीट लक्ष जायला पुढे काही वर्षं लागली.

मलेरियानं तर या नाकाला पुरतंच चकवलं. ताप गलिच्छ वस्तीत असावा ही अपेक्षा; पण तो पेढ्यांच्या आणि श्रीमंतांच्या फोर्टात मुक्काम ठोकून होता. डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे त्याची चौकशी सोपवली गेली आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. मलेरिया वारंवार झाला की प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, सुजते. त्यामुळे मुलांची पोटं चाचपली की कोणत्या भागात ताप मुरलाय ते कळतं. एकीकडे ही तपासणी, दुसरीकडे साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांचा शोध. माग निघाला तो घराघरांतल्या विहिरींपर्यंत.

आरोपी होता अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्साय हा डास. ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या अचलपूरच्या नमुन्यांवरून. गटारात वाढतो तो क्युलेक्स. त्याच्या अळीला श्वासाची नळी असते आणि ती पाण्यात डोकं खाली करून लोंबकळते. अ‍ॅनॉफेलिसच्या अळीला अशी नळी नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. स्टीफेन्सायला स्वच्छ, संथ पाणी मानवतं. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला दहा-बारा दिवस पुरतात. म्हणजे तपासनिसाची फेरी आठवड्याला झाली तरच उपयोग. महिन्यानं आलेला माणूस फक्त वही भरतो.

उपाय सोपा होता: विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा झाका. विहारचं पाणी १८६० पासून, तानसाचं १८९२ पासून नळानं येत होतंच. पण गटार धुवायला कोणी हरकत घेत नाही, आणि विहीर ही काही गटार नव्हे. तिथे पूजा होती, नवस होते, आणि विहीर बुजवली तर कोपणारे रखवालदार आत्मेही होते. तेव्हा पालिकेचे सचिव असलेले रुस्तम मसानी यांच्यापर्यंत या कहाण्या पोचत राहिल्या. त्यातूनच त्यांचं विहिरींच्या लोककथांवरचं इंग्रजी पुस्तक १९१८ मध्ये निघालं. सरकारी पत्रव्यवहारातून इतकं वाचनीय काही निघाल्याची उदाहरणं फार नसावीत!

पारशांची अडचण वेगळी: धार्मिक विधीच्या पाण्यावर सूर्यकिरण पडायला हवेत, तेव्हा बंद झाकण चालणार नाही. तोड निघाली ती बारीक तारेच्या जाळीची. शास्त्राच्या बाजूनं यात काहीच गमवावं लागलं नाही. डासाच्या मादीला अंडी घालायला पाण्यापर्यंत पोचावं लागतं. ऊन आत गेलं काय नि न गेलं काय, मादी अडली म्हणजे झालं. जाळी मात्र गंजते, फाटते. झाकणाला दार ठेवलं तर पोहरा काढून झाल्यावर ते लावायला कोणीतरी विसरतंच. म्हणून एकदा बसवलेली जाळीही पुन्हापुन्हा पाहावी लागे.

विहिरी मागे पडल्या तसा हा डास गच्चीवरच्या टाक्यांत गेला. आजही मुंबई पालिकेच्या कीटकनाशक खात्याचे कर्मचारी शिड्या चढून टाक्यांची झाकणं तपासतात. २०१२ मध्ये हाच स्टीफेन्साय आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि पुढे इथिओपियातही पोचला. तिथल्या मलेरियाचा भर एरवी खेड्यांवर आणि पावसाळ्यावर. हा मात्र शहरात, लोकांनी भरून ठेवलेल्या पाण्यात, कोरड्या ऋतूतही वाढतो. त्यामुळे तिथल्या आरोग्यसेवकांनाही आता घरोघरच्या टाक्यांत आणि पिंपांत डोकवावं लागतंय.